पिंपरजाळीच्या तीन माद्या

पिल्लं नऊ होती. नऊच्या नऊ धावत येऊन झामसिंग सोळंकेच्या पायांशी उभी राहिली तेव्हा केतकी गावंडेला आधी हसूच आलं.

पिंपरजाळीच्या माळावर जाळीचं एक मोठं आवार घातलेलं होतं. आत मांडीभर गवत आणि त्या गवतात तणमोराची पिल्लं. पिल्लं म्हणायचं ते सवयीनं. आता ती चांगली कोंबडीएवढी झाली होती. उंच मानेचे, लांब पायांचे, वाळल्या गवताच्या रंगाचे हे पक्षी एके काळी पावसाळ्यात या भागात कुणालाही दिसायचे. आता साऱ्या राज्यात डोळ्यांना दिसणारी ही नऊच. तीही शेजारच्या राज्यातल्या शेवटच्या घरट्यांतून अंडी आणून, यंत्राच्या उबेवर काढलेली. शुक्रवारी मंत्र्यांच्या हस्ते आवाराचं दार उघडायचं होतं. आज सोमवार होता.

म्हाताऱ्याला केतकीनं मुद्दाम आणलं होतं. झामसिंग बाहत्तर वर्षांचा, फासेपारधी. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं बेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतल्या, सगळ्यांसमोर आपले फासे जाळले आणि तो प्रकल्पात वाटाड्या म्हणून लागला. गेली तीन वर्षं नोंदीच्या फेरीत तो केतकीच्या पुढे शंभर पावलं चालायचा. माळ त्यानं तिला दाखवला आणि पिल्लं त्यालाच कुणी दाखवली नाहीत, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

"कोठी हायेत?" त्यानं विचारलं.

"लपलीत बाबा. जरा थांबा."

थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं गवताची एक पात तोडली, दुमडून जिभेवर ठेवली आणि खालच्या सुरात हाक घातली. कुक, कुक, आणि मग एक ओढलेला, घशातच विरणारा सूर. गवत चारी बाजूंनी हललं आणि पिल्लं सुटली ती थेट त्याच्याकडे. एक तर त्याच्या चपलेवरच चढून उभं राहिलं.

"अगं माय!" म्हातारा हरखून गेला. "मले वळखतात हे!"

केतकी हसत होती, तेवढ्यात तिच्या कमरेची डबी थरथरली. तिनं सवयीनं पाहिलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळ उमटली होती: तणमोर, मादी क्रमांक तीन, अंतर पाच फूट, खात्री सत्त्याण्णव टक्के.

पाच फुटांवर झामसिंग उभा होता.

डबी म्हणजे सरकारी भाषेत हस्तधारित पक्षिनोंदक. पूर्वी पक्ष्यांच्या नोंदी वहीत व्हायच्या, डोळ्यांनी बघून. मग हे तळहातावर मावणारं यंत्र आलं, चार कोपऱ्यांत चार कान असलेलं. ते आवाज ऐकतं, आवाजाचं चित्र काढतं आणि साठवलेल्या लाखो नमुन्यांशी ताडून पक्ष्याचं नाव सांगतं. नव्या डब्या त्याच्याही पुढे गेल्या होत्या. माणसामाणसाचा आवाज वेगळा तसा पक्ष्यापक्ष्याचा घसाही वेगळा. तेव्हा एकाच जातीतले पक्षी त्या वेगवेगळे ओळखायच्या आणि त्यांना क्रमांक द्यायच्या. माणसांचं बोलणं त्या आपोआप गाळायच्या. आणि एखादा पक्षी एखाद्या जागी पुन्हा पुन्हा नोंदला गेला की तो तिथे असणारच असं धरून चालायच्या. म्हणजे पुरावा कमी असला तरी खात्री वाढत जायची. माणसंही असंच करतात म्हणा, पण माणसाला निदान अधूनमधून शंकेनं झोप लागत नाही.

तणमोराच्या बाबतीत तर बघण्याची अटच काढून टाकलेली होती. माणूस जवळ गेला की मादी अंडी सोडून जाते, म्हणून निरीक्षकानं गवताच्या कडेला थांबायचं आणि डबीनं ऐकलं ते पाहिलं असं मानायचं. या नियमानं केतकीनं तीन वर्षांत पिंपरजाळीवर तीन माद्या नोंदवल्या होत्या. आणि त्या तीन माद्यांवर केवढा डोलारा उभा होता! त्यांच्यामुळे माळावर येऊ घातलेले सौरऊर्जेचे पत्रे अडले होते. त्यांच्याच हाका टिपून उबवणी केंद्रात अंड्यांपाशी वाजवल्या होत्या. अंड्यातल्या पिल्लाला कवच फुटायच्या तीन-चार दिवस आधीपासून ऐकू येतं, आणि त्या दिवसांत कानावर पडणारा आवाज म्हणजे त्याची आई. पिल्लं याच माळावर सोडायची तीही त्या माद्यांच्या भरवशावर. ससाणा आला की कसं दबायचं, कुत्र्याला कसं चुकवायचं, हे त्या शिकवणार होत्या.

केतकीनं म्हाताऱ्याचा हात धरून त्याला आवाराबाहेर काढलं.

"बाबा, ही हाक कोणाची?"

"तणमोरीची. पिल्लं गोळा करते नं, तवाची."

"आपण फेरीला जातो तेव्हा घालता तुम्ही ही?"

"घालतो नं. न इचारता गवतात कसं शिराव?"

ती तशी रीतच होती. पारधी फासे लावायला निघाला की गवतात पाय घालण्याआधी एकदा हाक घालायचा आणि थांबायचा. याला माळाला विचारणं म्हणत. मादी असली तर उत्तर द्यायची, मग त्या बाजूला फासे लागायचे. फासे गेले, पण विचारणं काही सुटलं नव्हतं. हयातभर केलेली गोष्ट वाटाड्याची टोपी डोक्यावर आली म्हणून थोडीच सुटते! तो शंभर पावलं पुढे, कमरेएवढ्या गवतात, तिच्याकडे पाठ करून हाक घालायचा; आणि मागे कडेला उभ्या असलेल्या केतकीच्या कानावर ती पडली की तिला मादीच बोलली असं वाटायचं. डबी थरथरायची. त्या दिवशी घरी जाताना तिला जमिनीवर पाय ठेवल्यासारखं वाटायचं नाही.

"मग उत्तर यायचं का बाबा?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "नाई माय. अकरा वर्स झाले. शेवटची नाल्याकाठची व्हती. तिच्यानंतर कोनीच नाई बोललं."

"अकरा वर्षं! आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"तूच तं म्हने बोलाचं नाई."

खरंच होतं ते. नियमावलीत कलमच होतं: निरीक्षक आणि वाटाड्या यांनी नोंदीबाबत आपसात बोलू नये, एकाचा समज दुसऱ्याला बाधू नये. पहिल्याच दिवशी केतकीनं त्याला ते समजावून सांगितलं होतं आणि दोघांनी ते इमानानं पाळलं होतं. तीन वर्षं एका झाडाखाली बसून त्यांनी भाकरी खाल्ली, त्याच्या नातीचं बाळंतपण, तिच्या आईचा गुडघा, सगळं बोलून झालं. तणमोर तेवढा बोलण्यात आला नाही. म्हाताऱ्याला वाटायचं, डबी शून्य लिहून घेतेय. शहाणी माणसं ठेवतात असली यंत्रं, त्यांना कळत असेलच की कुणी उत्तर देत नाही.

"पण डबीनं तीन माद्या ओळखल्या बाबा. वेगवेगळ्या. एक नाही, तीन."

"तीनच जागा हायेत नं. टेकाडावरची घोगरी व्हती. नाल्याकाठची घाई करे. अन् खदानीजवळची असं लांबवे." त्यानं पात पुन्हा जिभेवर घेतली आणि एकामागून एक तिन्ही हाका घातल्या. "जिच्या घरी जाव तिच्या बोलीत इचाराव. नाईतं ते उत्तर कायले देईन?"

डबी तीनदा थरथरली. एक, दोन, तीन. ज्या हाकेला प्रत्यक्ष मादी फसायची, तिथे डबीची काय कथा? कुंपणाच्या आत पिल्लं जाळीवर चोची आपटत होती.

तिथंच बसून केतकीनं आपल्या तीन वर्षांच्या नोंदी मागे घेण्याचा अर्ज डबीत भरला. कारण लिहिलं: आवाज माणसाचा आहे. उत्तर यायला एक मिनिटही लागलं नाही. आवाजात मानवी उच्चार आढळत नाहीत, माद्यांचं अस्तित्व दोनशे चौदा नोंदींनी सिद्ध, हरकत फेटाळली. खाली आणखी एक ओळ होती. प्रत्येक निरीक्षकाला त्याच्या विश्वासार्हतेचा एक पतांक असतो. सिद्ध नोंदीवर चुकीची हरकत घेतल्यामुळे केतकीचा पतांक एक्क्याण्णववरून चौतीसवर आला होता. पन्नासच्या खालच्या निरीक्षकाचं म्हणणं कुणी माणूस उघडूनही बघत नसे.

संध्याकाळच्या आत ती जिल्ह्याच्या गावी प्रकल्पप्रमुख डॉ. बिडकरांसमोर उभी होती. केतकी सतरा वर्षांची असताना दुर्बीण कशी धरायची हे याच माणसानं तिला शिकवलं होतं. बिडकरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा उठून त्यांनी दार लावलं.

"किती जणांना सांगितलंस?"

"तुम्हालाच सर. बाबांना इथे घेऊन येते, हाक घालून दाखवतील."

"दाखवतील. डबी म्हणेल मादी आली, तू म्हणशील माणूस आहे. पतांक काय उरलाय तुझा?"

"तुम्ही हरकत घ्या मग. तुमचा अठ्ठ्याण्णव आहे."

"आणि ती मान्य झाली तर? माळावर शून्य माद्या. महिन्याभरात पत्रे येतील. पिल्लं परत पिंजऱ्यात, आणि जन्मभर पिंजऱ्यातच, कारण सोडायला दुसरा माळ उरलेला नाही. तुला माहितेय हे. शुक्रवारी पिल्लं सोडली की या माळावर खरेच तणमोर असतील. आज खोटी असलेली नोंद चार दिवसांनी खरी होईल. तेवढं गप्प बस केतकी."

"त्यांना शिकवायला कुणी नाही सर. मरतील ती."

"मोकळी तरी मरतील," बिडकर म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

केतकीला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

मंगळवारी सकाळी डबी घरीच ठेवून तिनं आवारात झामसिंगला सगळं सांगितलं. "माह्याच आवाजानं निंगाले हे लेकरं?" असं त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "मी शिकोतो नं मंग."

त्याला मादीची धोक्याची हाकही येत होती. कोरडी, तुटक. ती ऐकली की रानातलं पिल्लू जिथे असेल तिथे जमिनीला चिकटतं. त्यानं ती घातली. नऊही पिल्लं आनंदानं त्याच्याकडे धावत आली. धोका म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं; ओळखीचा होता तो फक्त घसा.

केतकीच्या मनात तेव्हा एक शंका आली. तिन्ही माद्यांच्या हाका सगळ्यांसाठी खुल्या होत्या. प्रकल्पानं त्या मोठ्या कौतुकानं प्रसिद्ध केल्या होत्या. पक्षी बघायला येणाऱ्यांची एक खोड असते. पक्षी पुढे येईना की फोनवर त्याचीच हाक वाजवायची आणि बाहेर काढून फोटो घ्यायचा. फोन काय, शिकाऱ्याकडेही असतो. तिनं आपला फोन काढला, हाक लावली आणि जमिनीवर ठेवला. पिल्लं झामसिंगला सोडून फोनभोवती गोळा झाली.

केतकीनं फोन उचलून बंद केला.

"हे हाक आयकली की यायनं भ्याव," शेवटी म्हातारा म्हणाला. "दुसरं काई नाई."

"कशी भितील?"

"मी बोलावतो. तू मार."

बुधवार आणि गुरुवार, उजाडल्यापासून उन्हं चढेपर्यंत त्यांनी ते केलं. झामसिंग हाक घालायचा. पिल्लं धावत आली की केतकी गवतातून उठायची, पत्र्याचा डबा बडवायची आणि बोराटीच्या काटेरी फांदीनं त्यांना झोडपायची. पहिल्या वेळी तिचा हात उठेना. म्हातारा खेकसला, "मार! कुत्रं काय दया करन?" मग तिनं मारलं. पिल्लं ओरडत पांगली आणि पुढच्या हाकेला पुन्हा आली. ती पुन्हा आली याचाच केतकीला त्रास झाला. दुपारी तिचे हात काट्यांनी सोलवटले होते आणि ती भाकरी न खाताच पडून राहिली.

गुरुवारी सकाळी आठ पिल्लं हाकेसरशी दबली, नाहीतर दुसऱ्या टोकाला पळाली. नववी, एक लहानखुरी मादी, मात्र येतच राहिली. जितकं मारावं तितकी घाईनं. एका पंखाची पिसं गेली, तरी यायची.

झामसिंगनं ते नीट पाहिलं आणि त्याला उलगडा झाला. "तुले भेते ते," तो म्हणाला. "तू मारतं म्हून माह्याकडे लपाले येते."

त्यानं केतकीच्या हातातली फांदी घेतली. जिभेवर पात ठेवली आणि खदानीजवळच्या मादीची ती लांबलेली हाक घातली. पिल्लू आलं, त्याच्या पायाला अंग घासून उभं राहिलं, मान वर करून बघू लागलं. म्हाताऱ्यानं हाक न थांबवता फांदी उचलली आणि मारली. एकदा नाही, तीनदा. पिल्लू कोलमडलं, उठलं, लंगडत गवतात शिरलं. त्यानं पुन्हा हाक घातली. गवत हललं नाही. आणखी एकदा घातली. नाहीच.

झामसिंगनं पात थुंकली आणि तो रडू लागला. केतकी त्याच्याजवळ जाऊन बसली.

शुक्रवारी समारंभ झाला, टाळ्या झाल्या, नऊ पक्षी माळात गेले. आवाराजवळ त्यांची नेहमीची हाक वाजवायची असं ठरलं होतं. ध्वनिवर्धकाची वायर केतकीनं पहाटेच कापून ठेवली होती. समारंभात खोळंबा नको म्हणून कुणी चौकशी केली नाही.

त्या दिवसापासून झामसिंगनं माळावर तोंड उघडणं सोडलं. बोलला तरी पिल्लं घाबरतील, माळाबाहेर, विजेच्या तारांच्या बाजूला पळतील, अशी धास्ती त्यानं घेतली. फेऱ्या चालू राहिल्या. डबी आता दुसऱ्या एका निरीक्षकाकडे गेली होती आणि केतकी बिनडबीची, नुसती डोळ्यांनी हिंडत होती. पंधराव्या दिवशी तिला एक फोटोवाला दिसला. खदानीजवळ उभा राहून तो फोनवर हाक वाजवत होता. त्याच्यापासून वीस हातांवर गवतात एक तणमोर जमिनीला असा चिकटला होता की केतकीलाही आधी ढेकूळच वाटलं. माणूस कंटाळून निघून गेला. मग तणमोर उठला; त्याच्या एका पंखाची पिसं गेलेली होती. तेच लहानखुरं पिल्लू. जगलं होतं. केतकी तिथंच तोंडावर हात दाबून रडली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं खराखुरा तणमोर माळावर पाहिला होता.

मात्र झामसिंग गप्प झाला तशा डबीच्या तिन्ही माद्याही गप्प झाल्या. एकही हाक नाही. महिना भरताच यंत्रणेनं आपण होऊन अहवाल काढला: माद्या क्रमांक एक, दोन आणि तीन एकाच आठवड्यापासून बेपत्ता, शिकारीची शक्यता अठ्ठ्याऐंशी टक्के. सोबत एक तक्ताही जोडला होता. वाटाड्याच्या टोपीत जागा दाखवणारी चकती असते. तिच्यावरून दिसत होतं की दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नोंदींच्या वेळी झामसिंग सोळंके मादीपासून पाच फुटांच्या आत होता.

पुढचं सांगायला नको. आडनाव सोळंके, जात फासेपारधी, वस्ती माळापासून अर्ध्या कोसावर. बेड्यावर गाड्या आल्या, चुली उकरल्या, भांडी फेकली. सापडलं काहीच नाही. तरी म्हाताऱ्याला घेऊन गेले.

वनकोठडीत भेटायची परवानगी मिळायला केतकीला चार दिवस लागले. झामसिंग भिंतीला टेकून बसला होता. तिनं पिशवीतून गवताची जुडी काढली.

"बाबा, परवा तुम्हाला उभं करतील. मी साहेबांच्या टेबलावर डबी ठेवायला लावते. तुम्ही फक्त एक हाक घाला. सगळ्यांदेखत मादी क्रमांक तीन उमटेल. मग काय म्हणतील? तिथंच सुटाल."

म्हाताऱ्यानं गवताला हातही लावला नाही. "अन् माळ?"

केतकीनं जुडी गजांपाशी खाली ठेवली.

"माद्या नव्हत्याच म्हनल्यावर माळ कोन ठेवन? पत्रे येतीन नं?"

"येतील. सोडलेली पिल्लं अंडी घालेपर्यंत नोंदीत धरत नाहीत," ती म्हणाली. "पण बाबा, सात वर्षांची शिक्षा आहे. तुमचं वय..."

"लंगडी दिसली व्हती म्हने तुले."

"दिसली."

"भेली?"

"अशी दबली बाबा, मलासुद्धा दिसेना."

त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तो म्हणाला, "म्या तरनेपनी याच हाकेनं किती मारल्या त्याची गिनती नाई माय. तवा कोनी धरलं नाई. आता धरलं तं धरू दे."

"मी सांगणार आहे खरं. मला विचारतील तेव्हा मी सांगणार."

"तू एकडाव सांगतलं नं खरं. आयकलं कोनी?" तो पुढे सरकला आणि त्यानं गजांतून तिचे हात धरले. हातांवरचे बोराटीचे ओरखडे अजून गेले नव्हते. "तुह्या हातानं मारले ते लेकरं. माह्या हातानं मारलं. कायच्यासाठी मारलं मंग? तू गप राय माय. माह्यासाठी गप राय."

सुनावणीच्या दिवशी न्यायालयाची खोली अर्धी रिकामी होती. मागच्या बाकावर बेड्यावरची चार माणसं आणि झामसिंगची नात तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. बिडकर पुढच्या रांगेत होते. त्यांनी केतकीकडे पाहिलं नाही. झामसिंग एका शिपायाशेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता.

सरकारी वकिलांनी साक्षीला उभ्या राहिलेल्या केतकीला विचारलं, "तीन वर्षांच्या नोंदी तुमच्याच आहेत?"

"माझ्याच."

"यंत्राचं सोडा. मला यंत्राची साक्ष नको, माणसाची हवी आहे. या माळावर तणमोराच्या तीन माद्या होत्या?"

खरं केतकीच्या ओठांवर होतं. एक वाक्य बोललं की म्हातारा नातीबरोबर घरी गेला असता. ती त्याच्याकडे वळली. तो तिच्याकडेच बघत होता, आणि एवढ्या आशेनं तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"होत्या," ती म्हणाली.

"तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या?"

"पाहिल्या."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि दरवेळी आरोपी त्यांच्या जवळ असायचा?"

"हो. दरवेळी."

कारकुनानं ते लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद तिच्यापुढे सरकवला. मागच्या बाकावर नात ओरडून रडायला लागली. केतकीनं सही केली. झामसिंगनं बसल्या जागेवरून तिला हात जोडले, आणि शिपायानं त्याला उठवून बाहेर नेलं.